ऑडिओ इंटरफेस घेताय? आधी संगणकाला विचारा!

गॅदरिंग जवळ आलं की आपल्या हॉस्टेलची प्रत्येक रूम म्हणजे एक स्टुडिओच होऊन जातो. कुणी एकांकिकेचं पार्श्वसंगीत करतोय, कुणी बँडचा डेमो, तर कुणी स्वतःचाच आवाज पुन्हा पुन्हा ऐकून भारावलेला! मोबाइलवरच्या रेकॉर्डिंगने भागेनासं झालं, की मग एक वाक्य हमखास कानावर येतं – "एक इंटरफेस घेऊन टाकू." गेल्या वर्षी आमच्या नाटकाच्या ग्रुपनेही हेच वाक्य उच्चारलं. माणशी ३०० रुपये वर्गणी निघाली, २२ जणांचे ६,६०० जमले आणि "तू ई अँड टीसीचा ना, मग तूच बघ" असं म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं.

या पैशात आम्हाला हवं तसं नवं काही येत नव्हतं, म्हणून जुन्यातलं बघायचं ठरलं. तीन उमेदवार सापडले. आणि आमच्याकडे संगणकही तीन : नाटकाच्या खोलीतला विंडोज ११ चा पीसी, संगीत करणाऱ्या मित्राचं एम-१ चिपचं मॅकबुक आणि माझा लिनक्सवर चालणारा म्हातारा लॅपटॉप. प्रयोगाच्या दिवशी यातला कोणता संगणक हाताशी असेल याची खात्री कुणालाच नव्हती. म्हणजे इंटरफेस तिन्हींवर चालायला हवा. वर्गणीत मेसचे पैसे वाचवून दिलेल्या नोटा होत्या, त्यामुळे "बघू, चालला तर चालला" असं म्हणण्याची सोय नव्हती. त्या शोधात जे हाती लागलं ते इथे मांडतो आहे. कॉलेजात दरवर्षी कुणीतरी हा डबा घेतंच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. ऑडिओ इंटरफेस म्हणजे बाहेर ठेवलेलं, चांगल्या दर्जाचं साउंड कार्ड. माइकचा मिलिव्होल्टमधला सिग्नल आधी प्रीअँपमध्ये मोठा होतो, मग एडीसी त्याचे आकडे करतो, ते आकडे यूएसबीतून संगणकात जातात. आणि उलट्या दिशेने डीएसीतून हेडफोनला येतात. सॅम्पलिंग थिअरम पाठ करून आपण सगळे पास झालो आहोत, म्हणून तो भाग सोडून देतो.

आता मुद्दा. बहुतेकांची समजूत अशी, की यूएसबीची पिन खाचेत बसली म्हणजे उपकरण चालणार. पिन बसणं म्हणजे फक्त रस्ता जोडला जाणं. त्या रस्त्यावर दोघं एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलणार हे वेगळंच प्रकरण आहे, आणि सुसंगतपणा तपासायचा तो तिथे.

डबा जोडल्याबरोबर ऑपरेटिंग सिस्टिम त्याला विचारते, "तू कोण?" उत्तरादाखल डबा आपले डिस्क्रिप्टर पाठवतो. त्यात कंपनीचा नंबर असतो, मॉडेलचा नंबर असतो, आणि आपल्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा म्हणजे क्लास कोड. हा कोड ०१ असेल तर तो म्हणतोय, "मी ऑडिओ उपकरण आहे आणि सर्वमान्य नियमांप्रमाणे बोलतो." अशा डब्याला ‘क्लास कंप्लायंट’ म्हणतात. त्याच्यासाठी लागणारा ड्रायव्हर ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आधीच बसवलेला असतो. कोड एफएफ असेल, म्हणजे दशमानात २५५, तर अर्थ असा की "माझी भाषा फक्त माझ्या कंपनीला येते, दुभाषा तिच्याकडूनच आणा." तो दुभाषा म्हणजे कंपनीचा ड्रायव्हर. कंपनीने तो द्यायचं थांबवलं की डबा धडधाकट असूनही मुका!

आमचा पहिला उमेदवार नेमका असाच होता. चार इनपुट, लोखंडी अंग, बटणं अशी की ट्रॅक्टरला लावावीत. विकणारा माणूसही सज्जन, त्याने स्वतःच्या जुन्या पीसीवर वाजवूनही दाखवला. पण तो पीसी विंडोज ७ चा होता, आणि विंडोज ७ चा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० मध्येच थांबवला. निर्मात्याच्या डाउनलोड पानावरचा शेवटचा ड्रायव्हरही त्याच विंडोजचा. म्हणून जुना माल घेताना "चालू आहे का?" एवढंच विचारून भागत नाही, "कशावर चालू आहे?" हे विचारायचं.

०१ की १०, आणि ११५२ चं गणित

क्लास कंप्लायंट म्हटलं तरी त्यातही पिढ्या आहेत. यूएसबी ऑडिओ क्लासची पहिली आवृत्ती १९९८ ची, दुसरी २००६ ची. २०१६ मध्ये तिसरीही आली, पण इंटरफेसच्या बाजारात आपली गाठ मुख्यतः पहिल्या दोनांशी पडते. फरक समजायला थोडं गणित करू. घाबरू नका, एम-३ इतकं अवघड नाही.

पहिल्या आवृत्तीचे डबे साधारणपणे ‘फुल स्पीड’ म्हणजे सेकंदाला १२ मेगाबिट या वेगाने चालतात. इथे वेळेचे तुकडे १ मिलिसेकंदाचे असतात आणि एका प्रवाहाला एका तुकड्यात जास्तीत जास्त १,०२३ बाइट पाठवता येतात. आता ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ धरा. एका मिलिसेकंदात ४८ सॅम्पल, प्रत्येकी ३ बाइट, २ चॅनेल – झाले २८८ बाइट. आरामात बसतात. पण ८ चॅनेल करा : ४८ × ३ × ८ = १,१५२. नाही बसत! किंवा दोनच चॅनेल ठेवून १९२ किलोहर्ट्झ करा : १९२ × ३ × २ = पुन्हा १,१५२. पुन्हा नाही बसत. म्हणून जास्त चॅनेल किंवा जास्त सॅम्पल रेट हवा असेल तर ४८० मेगाबिटचा ‘हाय स्पीड’ आणि दुसरी आवृत्ती लागते.

९६ किलोहर्ट्झ स्टिरिओला एका दिशेने ५७६ बाइट होतात. येणं-जाणं दोन्ही धरलं तर रस्ता जवळजवळ भरतो. त्यामुळे त्या काळच्या काही डब्यांनी ९६ वर "एक तर रेकॉर्ड करा, नाहीतर ऐका" असाच पर्याय ठेवला होता. २००० च्या दशकात गाजलेला एडिरोल यूए-२५ हा त्यातलाच. त्याच्यावर आणखी एक मजेदार स्विच होता : ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ चालू केलं की तो कंपनीच्या ड्रायव्हरची भाषा बोलणार आणि २४ बिट देणार, बंद केलं की क्लास कंप्लायंट होऊन १६ बिटांवर समाधान मानणार. एकाच डब्यात दोन स्वभाव! असा स्विच दिसला तर तो कोणत्या बाजूला आहे ते बघूनच निष्कर्ष काढावा.

आता ऑपरेटिंग सिस्टिमकडे वळू. पहिली आवृत्ती विंडोज, मॅक आणि लिनक्स तिघांनाही जुन्या काळापासून येते. दुसरी आवृत्ती मॅक आणि लिनक्सला २०१० च्या सुमारास यायला लागली. विंडोजला मात्र हा अंगभूत ड्रायव्हर यायला एप्रिल २०१७ उजाडला, विंडोज १० ची १७०३ ही आवृत्ती. त्यामुळे २००६ ते २०१७ मधले कितीतरी डबे मॅकवर नुसते जोडले की चालायचे आणि विंडोजवर मात्र कंपनीचा ड्रायव्हर मागायचे. खोक्यावर "ड्रायव्हरची गरज नाही" असं लिहिलेलं असेल तर ते कोणत्या ऑपरेटिंग सिस्टिमबद्दल आहे, हे खालच्या बारीक अक्षरात वाचा.

हे घरबसल्या कसं तपासायचं? लिनक्समध्ये ‘एलएसयूएसबी’ ही कमांड ‘-व्ही’ लावून चालवली की सगळं डिस्क्रिप्टर पुराण समोर येतं. त्यात ‘इंटरफेस क्लास’ १ आहे की २५५ ते बघायचं. १ असेल तर ‘इंटरफेस प्रोटोकॉल’ बघायचा : शून्य म्हणजे पहिली आवृत्ती, ३२ म्हणजे दुसरी (सोळामानात २०, गोंधळू नका). मी दुसऱ्या उमेदवाराच्या मालकाकडे लॅपटॉप घेऊनच गेलो होतो. स्क्रीनवर भराभरा ओळी उमटताना बघून काकूंनी विचारलं, "व्हायरस आहे का त्यात?" नाही म्हटलं, आधार कार्ड तपासतोय. विंडोजमध्ये हेच डिव्हाइस मॅनेजरच्या ‘डिटेल्स’मध्ये, हार्डवेअर आयडी आणि कंपॅटिबल आयडी या नावांखाली सापडतं. मॅकच्या सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये यूएसबीखाली कंपनीचा नंबर, मॉडेलचा नंबर आणि वेग दिसतो. तेवढ्यावरूनही बराच अंदाज येतो.

ड्रायव्हरचं आयुष्य

इलेक्ट्रॉनिक्स टिकतं, ड्रायव्हर टिकत नाही. कारण ड्रायव्हर हा बहुधा कर्नलच्या आत राहतो आणि कर्नल बदलला की त्याला बाहेरचा रस्ता दिसतो. ३२ बिटी प्रोग्रॅम ६४ बिटी विंडोजवर चालतो, पण ३२ बिटी ड्रायव्हर चालत नाही. २०२१ मध्ये आलेलं विंडोज ११ तर फक्त ६४ बिटीच आहे. शिवाय ६४ बिटी विंडोजला ड्रायव्हरवर डिजिटल सही लागते, आणि विंडोज ११ मधली ‘मेमरी इंटिग्रिटी’ ही सुरक्षा चालू असेल तर काही जुने, सही असलेले ड्रायव्हरही अडवले जातात. ती सुरक्षा बंद करून ड्रायव्हर चालवण्याचे उपाय सांगणारे पुष्कळ भेटतील. स्वतःच्या पीसीवर काय करायचं ते तुम्ही ठरवा. कॉलेजच्या सामायिक पीसीवर, जिथे दहा जणांचे पेन ड्राइव्ह रोज लागतात, तिथे एका डब्यासाठी हे करू नये असं माझं मत आहे.

मॅकवाल्यांनी हसू नये, त्यांच्याकडेही वळणं आली. २०१९ च्या कॅटालिनाने ३२ बिटी प्रोग्रॅम बंद केले, म्हणजे डब्याबरोबर येणारं जुनं कंट्रोल पॅनेल गेलं. २०२० च्या शेवटी एम-१ आली. इंटेलसाठी लिहिलेले प्रोग्रॅम रोझेटा-२ भाषांतर करून चालवतं, पण कर्नलमध्ये बसणाऱ्या ड्रायव्हरचं भाषांतर ते करत नाही. आणि ड्रायव्हर नव्या चिपसाठी लिहिलेला असला तरी, कर्नलमध्ये बसणारा असेल तर रिकव्हरीत जाऊन सुरक्षा एक पायरी खाली आणावी लागते. आर्म प्रोसेसरच्या विंडोज लॅपटॉपचीही हीच कथा : प्रोग्रॅमचं एम्युलेशन होतं, ड्रायव्हरचं नाही. म्हणून "विंडोज ११ ला चालतो" हे उत्तर अर्धवट आहे. कोणत्या प्रोसेसरवरच्या, हेही विचारायला हवं.

लिनक्समध्ये सगळा ऑडिओ ‘अल्सा’मधून जातो आणि क्लास कंप्लायंट डबे तिथे गुण्यागोविंदाने नांदतात. एफएफवाल्यांचं मात्र नशीब असतं. कुणी भल्या माणसाने त्या मॉडेलसाठी कर्नलमध्ये चार ओळी लिहिल्या असतील तर चाललं. आमचा तिसरा उमेदवार इथेच मागे पडला. तसा तो दुसऱ्या आवृत्तीचा, नव्या पिढीतला, विंडोज ११ चा ताजा ड्रायव्हर उपलब्ध असलेला. माझ्या लॅपटॉपवर जोडल्याबरोबर आवाजही आला. पण माइकला लागणारा ४८ व्होल्टचा फँटम पॉवर आणि हेडफोनमधलं डायरेक्ट मॉनिटरिंग, दोन्हींना डब्यावर बटणच नाही! सगळं कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून, आणि ते सॉफ्टवेअर फक्त विंडोज व मॅकसाठी. क्लास कंप्लायंट म्हणजे आवाजाच्या प्रवाहाची हमी. कंट्रोल पॅनेलची नव्हे. हा फरक खोक्यावर कुणी छापत नाही.

शेवटी दुसरा उमेदवार घेतला. दोन इनपुट, पहिली आवृत्ती, ४८ किलोहर्ट्झपर्यंतच, दिसायला अगदीच गरीब. पण फँटम, गेन, मॉनिटर – प्रत्येकाला अंगावर खरं बटण, आणि तिन्ही संगणकांवर कोणताही ड्रायव्हर न घालता सुरू. एका मित्राने "१९२ नाही?" म्हणून नाक मुरडलं. नाटकाच्या हॉलमधल्या कर्ण्यांतून १९२ आणि ४८ मधला फरक ओळखून दाखव म्हटल्यावर तो विषय थांबला.

चालतो, पण उशिरा चालतो

आवाज आला म्हणजे सगळं जमलं असंही नाही. गाणाऱ्याला हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज किती उशिरा ऐकू येतो ते महत्त्वाचं. संगणक सॅम्पल एकेक करून नव्हे तर बफर भरून उचलतो. ४८ किलोहर्ट्झला २५६ सॅम्पलचा बफर म्हणजे ५.३ मिलिसेकंद, १,०२४ चा म्हणजे २१.३. आत येताना एक आणि बाहेर जाताना एक असे किमान दोन बफर धरले तर १,०२४ ला जवळजवळ ४३ मिलिसेकंद होतात. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे हे साथीदाराला तुमच्यापासून १४-१५ मीटर लांब बसवण्यासारखं झालं. ताल जाणार नाही तर काय!

छोटा बफर चालवण्यासाठी विंडोजवर एएसआयओ लागतं. स्टाइनबर्ग कंपनीने १९९७ मध्ये आणलेली ही पद्धत विंडोजच्या मिक्सरला वळसा घालून सॉफ्टवेअर आणि डबा यांना थेट जोडते. विंडोजच्या अंगभूत ऑडिओ ड्रायव्हरबरोबर ती वर्षानुवर्षं मिळत नव्हती. आता ती अंगभूत द्यायचं काम सुरू असल्याचं मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये जाहीर केलं. आमच्या डब्यासाठी आम्ही एएसआयओ-फोर-ऑल हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर वापरलं. तो खरा ड्रायव्हर नव्हे, विंडोजच्याच ड्रायव्हरवर बसलेला मध्यस्थ आहे. पण २५६ वर त्याने निभावून नेलं. मॅकला कोअर ऑडिओमुळे ही भानगडच करावी लागत नाही. (मान्य करायला जड जातं, पण खरं आहे.)

बफर लहान केल्यावर टक-टक असे आवाज येत असतील तर लगेच डब्याला दोष देऊ नका. पुष्कळदा दुसराच एखादा ड्रायव्हर, बहुधा वाय-फायचा, प्रोसेसर अडवून बसलेला असतो. लेटन्सीमॉन नावाचं फुकट सॉफ्टवेअर दहा मिनिटं चालू ठेवलं की गुन्हेगाराचं नाव कळतं. कधी दोष मदरबोर्डचाही असतो : एएमडीच्या ५०० मालिकेतल्या चिपसेटवर यूएसबी मध्येच तुटत असल्याचं कंपनीने स्वतः २०२१ मध्ये मान्य केलं आणि बायोस अपडेटने ते दुरुस्त केलं. त्या काळातला पीसी असेल तर आधी बायोस कधीचा आहे ते बघा.

पोर्टबद्दलही थोडं. यूएसबी २ चं पोर्ट ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर, म्हणजे अडीच वॉट देतं. यूएसबी ३ चं ९०० मिलिअँपिअर. या अडीच वॉटांतच प्रीअँप, एडीसी, हेडफोन आणि दोन माइकांचा फँटम भागवायचा असतो, म्हणून बिनविजेच्या हबवर इंटरफेस लावू नये. फुल स्पीडच्या डब्याला आणखी एक अडचण. तो हाय स्पीड हबला लावला की हबमधला ‘ट्रान्झॅक्शन ट्रान्सलेटर’ त्याचं बोलणं पुढे पोचवतो. स्वस्त हबमध्ये असा एकच ट्रान्सलेटर सगळ्या पोर्टसाठी असतो, आणि १२ मेगाबिट सगळ्यांत वाटले जातात. शेजारी मिडी कीबोर्ड आणि माउस लावला की वाटणीवरून भांडण आलंच. पीसीच्या मागच्या बाजूचं, थेट मदरबोर्डवरचं पोर्ट सगळ्यात बरं.

पैसे देण्याआधी मालकासमोर अर्धा तास सलग रेकॉर्ड करून बघा, दोन्ही इनपुटवर, फँटम चालू ठेवून, आणि तेही शक्यतो स्वतःच्या संगणकावर. एफएफवाला डबा घेणारच असाल तर चालणाऱ्या ड्रायव्हरची फाइल त्याच दिवशी पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवा. डाउनलोडची पानं न सांगता गायब होतात. आणि केबल आपली घेऊन जा. काही केबलमध्ये फक्त चार्जिंगच्या तारा असतात, डेटाच्या नसतातच. तिसऱ्या उमेदवाराच्या खोक्यात तशीच एक निघाली, आणि दिवा लागलेला असूनही डबा कोणत्याच संगणकाला दिसेना, तेव्हा विकणारा बिचारा आमच्यापेक्षा जास्त घाबरला होता.